तिच्या वाटचा कपकेक

नाटकातली माणसं रंगमंचावर खोटं जेवतात आणि खरी भूक घेऊन घरी जातात. मास्तरांनी हे खोटं जेवण हयातभर पुरवलं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. नाटक कंपनीत तलवारीपासून टेलिफोनपर्यंत जे सामान लागेल ते स्वतःच्या हाताने घडवून देणारे मास्तर. केक ही त्यांची खासियत. कागदाच्या लगद्याचा गाभा, त्यावर कापडी पिशवीतून पिळलेलं प्लास्टरचं क्रीम आणि शेंड्यावर चेरी म्हणून एक लाल मणी. पहिल्या रांगेतल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटायचं.

केक नुसता करून ते थांबत नसत, तो खायचा कसा हेही शिकवत. नवे नट हमखास एक चूक करायचे. केक तोंडाजवळ नेला रे नेला की "वा, काय चव आहे!" म्हणून मोकळे. मास्तर विंगेतून कपाळाला हात लावायचे. "अरे बाबा, चांगलं खाणारा माणूस आधी गप्प होतो," ते समजावायचे. "चव आत पोचायला वेळ लागतो. दोन क्षण जगाचा विसर पडू दे, मग वा म्हण."

त्यांचं लग्नही एका कपकेकमुळे जमलं. कपडेपटात शिवणकामाला एक नवी मुलगी लागली होती. ओठांत सदैव टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणायचे. पहिल्याच दिवशी सकाळपासून उपाशी होती बिचारी. विंगेतल्या मेजावर कपकेकचं तबक दिसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि घेतला एक सणसणीत चावा. प्लास्टर जिंकलं. समोरच्या दाताचा कोपरा गेला. मास्तर धावत आले ते केकला काय झालं हे बघायला, आणि दात पाहून ओशाळले. दुसऱ्या दिवशी बेकरीतून खरा कपकेक आणून त्यांनी तिच्या शिलाई यंत्रावर ठेवला. तिने तो खाल्ला, आणि खाताना बराच वेळ एक शब्द बोलली नाही. मास्तर म्हणायचे, मी तिथेच विरघळलो.

संसार झाला, लेक मोठी होऊन परगावी नांदायला गेली, कंपनीचा पडदा कायमचा पडला. आणि मग गेल्या थंडीत टाचणीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. वास नाही, चव नाही. एरवी कुठल्या मजल्यावर कुणाचं दूध उतू गेलं हे जिन्यातून सांगणारी बाई. आता तिच्यासमोर दूध जळून भांडं काळं पडलं तरी तिला पत्ता नव्हता. त्या दिवशी ती भांडं घासत बसली आणि घासता घासता रडली.

डॉक्टर म्हणाले, शिरा दमल्यात. रोज ओळखीचे वास घ्या. उन्हाळ्याच्या आत परत आलं तर आलं, नाहीतर फार आशा धरू नका. मास्तरांनी आशा दोन्ही हातांनी धरली. सकाळी उठल्याबरोबर कॉफीचा डबा, लिंबाची साल, अंगाचा साबण, बुटाचं पॉलिश असं एकेक तिच्या नाकाखाली धरायचे. ती मान हलवायची. एकदा म्हणाली, "मास्तर, तुमचे मोजे आणा. त्याने मेलेलं नाकसुद्धा उठून बसेल." मास्तरांनी खरंच मोजे आणले. दोघं हसली. नाक काही उठलं नाही.

खाण्याचं तिला तितकं वाटत नव्हतं. मास्तरांनी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, दार उघडून आत आलं की घराचा म्हणून एक वास यायचा, तो येत नाही. आपल्याच घरात परक्याकडे राहिल्यासारखं वाटतं. लेकीचं बाळ मांडीवर घेतलं तरी त्याच्या टाळूचा वास नाही, जणू चित्रातलं बाळ.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मास्तरांनी शेवटचा डाव टाकायचं ठरवलं. तिला जगात सगळ्यात प्रिय काय? कपकेक. मग एक अख्खा दिवस शहरभर हिंडायचं, एकेका बेकरीत थांबायचं, चाखायचं. कुठेतरी एखादा घास त्या बंद दारावर धडक मारेलच. टाचणीने आधी नाही म्हटलं. मग त्यांनी इस्त्री करून ठेवलेला कोट बघितला आणि चपला घातल्या.

पहिली बेकरी स्टेशनजवळची. काचेच्या कपाटात कपकेक ओळीने मांडलेले, मागे हातमोजे घातलेली मुलगी. मास्तरांनी चॉकलेटचा घेतला, सगळ्यात गडद दिसणारा. टाचणीने कागद सोलला, चावा घेतला, डोळे मिटून चघळलं.

"ओला कापूस," ती म्हणाली. "महाग ओला कापूस."

दुसरी बेकरी एका तळघरात होती. पाच पायऱ्या उतरल्या की समोरच भट्टी. त्या दारातून जो माणूस आत यायचा तो क्षणभर थबकून छाती भरून श्वास घ्यायचा. एक म्हातारा आला, थबकला. शाळेची पिशवी पाठीला लावलेली पोर आली, थबकली. पाववाला पीठभरल्या हातांनी म्हणाला, गिऱ्हाईक आत यायच्या आधीच अर्धं जेवून घेतं इथे. टाचणी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या थबकणाऱ्या माणसांकडेच बघत राहिली. भिंतीपलीकडे गाणं चालू असावं आणि ऐकू येणाऱ्यांचे चेहरे तेवढे दिसावेत, तसं तिचं झालं असावं.

भट्टीतून नुकताच काढलेला कपकेक तिने तोंडात घातला. "काहीतरी वाटलं," ती हळूच म्हणाली.

"काय? काय वाटलं?"

"सांगता येत नाही. पण काहीतरी."

मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. पाववाल्याचा पीठभरला हात त्यांनी दोन्ही हातांत घेऊन हलवला. बाहेर पडल्यावर ते तिच्या पुढे पुढे चालत होते, रस्ता ओलांडताना बसवाल्याला हात करून थांबवत होते, लेकीला काय काय सांगायचं ते मोठ्याने ठरवत होते. टाचणी मागून हसत होती, पण हसू ओठांपाशीच होतं. मास्तर पुढे असल्याने त्यांना ते दिसलं नाही.

तिसरी बेकरी नदीकाठची, फुलदाण्यांची, पांढऱ्या मेजांची. इथला कपकेक लिंबाचा, वर पिवळीधमक किसलेली साल. टाचणीने तो उचलला, चावा घेतला.

"वा," ती म्हणाली. "लिंबू! काय आंबटगोड लागतंय."

आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यावरून फिरवलं.

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. घास अजून चावूनही झाला नव्हता. आणि ती ओठाच्या कोपऱ्यावरची जीभ! कित्येक नटांना त्यांनी ती जागा स्वतः दाखवली होती, आणि टाचणी कपडेपटाच्या दारात टाचण्या चावत ते ऐकत असायची. लिंबू काय, ते तर डोळ्यांनाही दिसत होतं. त्यांनी मान डोलावली. हो, छान दिसतोय, म्हणाले. पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि मग खिडकीतून नदीवरच्या होड्या बघत बसले.

पुढच्या बेकरीकडे जाणाऱ्या बसमध्ये दोघं शेजारी बसली.  मग मास्तर समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत म्हणाले, "तू खोटं खाल्लंस."

टाचणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कळलं का?"

"अगं, माझी हयात गेली त्यात."

"मला वाटलं, मी नक्कल बरी करेन."

"वा फार लवकर म्हणालीस."

ती खुदकन हसली आणि मग हसू आवरून बाहेर बघायला लागली. तिथलंही खोटंच होतं, ती म्हणाली, तळघरातलं. तोंडाला वाफ लागली तेवढीच. "पण तुम्ही इतके फुललात, मास्तर. रस्त्यात लहान मुलासारखे पळत होतात. मग तिसऱ्या ठिकाणी मला नाही म्हणवेना. तुमचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. माझं नाक गेलंय, डोळे शाबूत आहेत."

 मास्तरांना एकाएकी थकवा आला, अंगातला कोट जड झाला. ते म्हणाले, चल, घरी जाऊ. झालं एवढं पुरे. इथून परतीची बस मिळेल. पण टाचणी उठेना. बस जाईल तिथपर्यंत जाऊ, म्हणाली. पाय दुखतायत, बसल्या जागी शहर तरी बघू.

अशी ती दोघं बस जिथे वळते त्या शेवटच्या थांब्यावर उतरली. तिथे एक गॅरेज होतं, एक औषधाचं दुकान होतं आणि एक बेकरी होती, बाहेर पाटीसुद्धा धड नसलेली. टाचणीला बसायला जागा हवी होती म्हणून आत गेली. बेकरीवाली बाई कपाट पुसत होती. आता फक्त लोण्याचे साधे कपकेक उरलेत, तेही दोनच, असं तिने अपराध्यासारखं सांगितलं. मास्तरांनी दोन्ही घेतले, जागेचं भाडं म्हणून.

टाचणीने आपली बशी तशीच ठेवली. "आज माझी जीभ पुष्कळ राबली," ती म्हणाली. "तुम्ही खा. दिवसभर तुम्ही काहीच खाल्लं नाही, नुसते माझ्या तोंडाकडे बघत होतात."

हे मात्र खरं होतं. मास्तरांनी घास घेतला.

आणि काय सांगावं, त्यांनी आयुष्यात असा कपकेक खाल्ला नव्हता. दिसायला अगदी गरीब, वर ना क्रीम ना चेरी. पण चव थेट पाठीच्या कण्यापर्यंत गेली.  हा तिच्यासाठी होता. अख्खं शहर पालथं घालून सापडला होता तो हा, आणि तो त्यांच्या तोंडात होता.

"कसा आहे?" टाचणीने विचारलं.

"ठीक," मास्तर म्हणाले. "साधाच आहे. जरा कोरडाच म्हण ना. तुझं काही फार बुडालं नाही."

टाचणी त्यांच्याकडे बघत राहिली. "मग दुसरा घास का घेतलात?"

मास्तरांनी हातातल्या कपकेककडे पाहिलं. अर्धा संपला होता.

"मास्तर," ती म्हणाली. आवाज अगदी हळू, पण त्याला एक धार होती. "मला लागत नाही म्हणून त्याला वाईट म्हणू नका. तो वाईट झाला तर मग माझ्यासाठी काहीच उरत नाही. चांगला आहे ना?"

"हो."

"किती चांगला?"

मास्तर बोलणारे नव्हते. जन्मभर हातांनी बोललेला माणूस. त्यांनी घसा खाकरला. कडेला जरा कुरकुरीत आहे, म्हणाले, नव्या कागदाची घडी मोडावी तसा. टाचणीने डोळे मिटून घेतले. मग आत मऊ. लोणी आधी तापवून तपकिरी केलेलं असणार, कारण चव थोडी भाजल्यासारखी आहे. सुक्यामेव्यासारखी, पण सुकामेवा नाही. मीठ आहे, चिमटीभर. आधी कळत नाही, गोड संपत आलं की कळतं.

"आणि वास?"

"वास..." मास्तर अडले. त्यांनी कपकेक नाकाशी धरला, पुन्हा धरला. "संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय अशा घराचा."

 टाचणीच्या मिटल्या पापण्यांखालून एक थेंब आला आणि तिने तो पुसला नाही. कपाटामागे बेकरीवालीचं फडकं थांबलं होतं. बाहेर बसवाल्याने भोंगा वाजवला, परत एकदा वाजवला. मास्तर अर्धवट उठले. तिने डोळे न उघडताच त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं, आणि बस निघून गेल्याचा आवाज दूर जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

मग स्वतःची बशी तिने त्यांच्याकडे सरकवली.

"आता माझ्या वाटचा," ती म्हणाली. "सावकाश खा. आणि काही वगळू नका."