पंख्यात अडकलेलं हिरवं वेटोळं

आधी कबुली देतो. या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलोय. कुणी लिहिलं की घरातले दिवे आपोआप विझले, तर खाली "वायरमनला बोलवा" असं लिहिणारा तो आगाऊ माणूस मीच. भूत, आत्मा, संकेत वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही... पण आता हसायची पाळी तुमची.

राहतो सुरतेत, कोसाडच्या कॉलनीत, चौथ्या मजल्यावर. साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करतो. त्याआधी सव्वीस वर्षं आम्ही पांडेसऱ्यात एका खोलीत काढली. वडील कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसला होते, आणि माय घरी बसून धागा कटिंग करायची – म्हणजे एम्ब्रॉयडरीच्या साडीला उलट्या बाजूने जे धागे लोंबत राहतात, ते छोट्या कातरीने कापायचे. कापलेला धागा उडून कणकेत जातो, म्हणून मायची एक सवय होती. धागे दोन बोटांवर गुंडाळायचे, त्याच धाग्याचे मधोमध तीन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचं. छोटंसं वेटोळं तयार. बाकीच्या बायका सरळ पिशवीत कोंबायच्या. माय म्हणायची, "पसारा कसाले करो?"

माय गेली त्याला तीन वर्षं झाली. मग आम्ही कोसाडला आलो, आणि त्यानंतर वर्षभराने मी गेमिंग लॅपटॉप घेतला. बायकोला, सारिकाला, सांगितलं की डिझाइनसाठी लागतो. अर्धं खरं होतं. कोरा करकरीत, खोका मी स्वतः फोडला, सारिकाने त्याला हळद-कुंकू लावलं. हे सांगतोय कारण पुढे तुम्ही विचारणार – जुना होता का? नव्हता.

यंदा उन्हाळ्यात तो तापायला लागला. रविवारी दुपारी जेवून मी कानाला हेडफोन लावून गेम उघडायचो, वीस मिनिटांत पंखा घोंघावायचा आणि स्क्रीन काळी. विटेएवढा तो अडॅप्टर असा तापायचा की त्यावर पापड भाजला असता. मी निदान केलं – अडॅप्टरच खराब. उपाय? अडॅप्टर फ्रिजमध्ये ठेवला. वायर बाहेर, दार किलकिलं.

"अहो, दह्याशेजारी हे काय ठेवलंय?"

"कूलिंग आहे. तुला नाही कळायचं."

संध्याकाळी लॅपटॉप तर बंद पडलाच, वर दूध नासलं. सारिकाने मला दोन दिवस काळा चहा दिला.

शेवटी कतारगामच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मीटर लावला. "एडॅप्टर तो एकदम बराबर छे, भाई. आपका फॅन चोक है. हवा नहीं निकलेगी तो तपेगा ही, फिर एडॅप्टर भी तपेगा." मागचं झाकण काढलं, चिमट्याने पंख्याजवळून राणी रंगाचं काहीतरी ओढून काढलं आणि विचारलं, "घर में धागा कटिंग चलता है क्या?"

"पहले चलता था."

"सूरत में सबका यही निकलता है," म्हणत त्याने ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी पण हसलो. नीट बघितलंसुद्धा नाही. ते डब्यातलं आज मला मिळालं तर...

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी म्हटलं, एवढं काय, आपणच उघडू. यूट्यूब बघून उघडला (परत लावताना एक स्क्रू उरला, तो कुठला हे अजून कळलेलं नाही). पंख्याच्या पात्यांना टेकून धाग्याचं वेटोळं बसलं होतं. हिरवं, मध्ये जरीचा एक धागा. दोन बोटांवर गुंडाळलेलं, मधोमध तीन वेढे, टोक आत खोचलेलं.

मी बघत बसलो. सारिका भाजी चिरत होती, ती हात पुसत आली. तिने ते तळहातावर घेतलं, उलटून बघितलं आणि खाली बसली.

"मायचं आहे हे."

"काहीतरीच."

"मी चार वर्षं बसले त्यांच्याशेजारी. मला नका सांगू."

आता माझ्यातला वायरमन जागा झाला. लॅपटॉपच्या खालच्या फटी मोजल्या – काडेपेटीतली काडी जात नाही, वेटोळं कसं जाईल? आमच्या विंगमध्ये घरोघरी फिरलो, कुणीच धागा कटिंग करत नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक मावशी करतात, त्यांना विचारलं, तुम्ही धाग्याचं काय करता? "पोत्यात भरते रे, लग्नाला का नेऊ?" असं म्हणून त्यांनी मला घालवून दिलं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

माय गेली त्या दुपारी मी खोलीतच होतो. ती खिडकीखाली साडी घेऊन बसलेली, मी कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरवर, कानात हेडफोन. तिने हाक मारली. मी हाताने थांब अशी खूण केली. परत हाक मारली. मी म्हटलं, "एक मिनिट माय, मॅच चालू आहे." ती म्हणाली, "कानमधलं काढ ना रे, मी काय भिताडले बोली ऱ्हायनी का?" भिंतीशी बोलतेय म्हणे! मी हसलो. मॅच संपली तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती. वाटलं, झोपू दे, उठली की विचारू.

ती उठली नाही. काय सांगायचं होतं ते राहिलं. पाणी हवं होतं की छातीत दुखत होतं, की नुसतंच "चहा टाक"... माहीत नाही.

वेटोळं सापडल्यावर पुढच्या रविवारी मी मुद्दाम हेडफोन लावून बसलो. वीस मिनिटांत स्क्रीन काळी. गेमने लॅपटॉप तापतो, हे मलाही कळतं हो. पण मी हेडफोन काढला. खोलीत वरच्या पंख्याचा आवाज, बाकी शांत. मी म्हटलं, "बोल, माय." मोठ्याने म्हटलं. बराच वेळ बसलो. सारिका दारात उभी होती.

आणि इथे मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याची राखीच्या सणासाठीच्या साड्यांची डिझाइनं द्यायची होती. लॅपटॉप दिवसातून चारदा मरायला लागला, व्यापारी फोनवर ओरडायला लागला. मी घाबरून पंखा साफ केला – आत या वेळी नुसती धूळ – आणि फटींवर बारीक जाळी चिकटवली. खाली कूलिंग पॅड. डिझाइनं वेळेत गेली. लॅपटॉप असा थंड पडला की काय सांगू! मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी कळलं मी काय केलं ते – मायला पुन्हा हाताने थांब अशी खूण केली.

जाळी त्याच दिवशी काढली. पॅड काढला. महिन्याने उघडून बघितलं – स्वच्छ. दोन महिन्यांनी, स्वच्छ. अजून दर पंधरा दिवसांनी उघडतो, आता डोळे मिटून उघडता येतो. आत काही नसतं. अडॅप्टर हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

हिरवं वेटोळं सारिकाने तिच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवलंय. तसं वेटोळं करायचा मी प्रयत्न केला. दोन बोटं, तीन वेढे, टोक आत. माझं लगेच सुटतं.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मी "वायरमनला बोलवा" हेसुद्धा ऐकून घेईन. तोवर इतकंच करतो – रविवारी दुपारी गेम लावतो, पण हेडफोन एकाच कानावर. डावा कान मोकळा. त्यामुळे मागून येणाऱ्याची पावलं कळत नाहीत, मी पहिल्या पाच मिनिटांत मरतो आणि टीमवाले मला गुजरातीत शिव्या घालतात.

घालू देत. त्या मला एका कानाने ऐकू येतात, दुसरा मी तिच्यासाठी ठेवलाय.