डोळे मिटून नळापर्यंत

अकोला सोडून मी अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात शिकवायला आले, त्या पहिल्याच सकाळी प्रा. नलिनीताई गावंडे मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटा आन् नळापाशी जा." चहा नंतर मिळाला. ही काय आंधळी कोशिंबीर, असे मनात म्हणत मी निघाले आणि वाटेतल्या स्टुलावर गुडघा आपटून घेतला. मॅडम हसल्या नाहीत. "आता थे स्टूल टेबलाखाली सारा आन् पुन्हा जा," एवढेच म्हणाल्या.

डोळ्यात काही उडाले तर न बघता पाणी गाठता यावे, म्हणून दर वर्षी नव्या मुलांची सुरुवात अशीच होत असे. नळाशेजारी झाकणाचा निळा ड्रम असे आणि त्यातले पाणी रोज सकाळी मॅडम स्वतः बदलत. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल, हे नळालाही ठाऊक नसते. हा ड्रम मात्र मी कधी रिकामा पाहिला नाही. स्टाफरूममध्ये थट्टा चाले, "मॅडम, लग्नाचं पाणी भरून राहिल्या काय?" मॅडम म्हणत, "लग्नात पाणी उशिरा आलं तं वऱ्हाडी थांबतात. डोळा थांबत नाई."

प्रयोगाच्या संरक्षक चष्म्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. एकदा त्यांनी खुद्द प्राचार्यांनाही दारातून परत पाठवले होते. पण गेल्या उन्हाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी तिवशाची प्राजक्ता एसटी चुकल्यामुळे धापा टाकत आली, ती चष्मा घरी विसरून. परत पाठवली असती तर तिचे वर्ष गेले असते. मॅडमनी स्वतःचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला आणि आपण दारातच उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने त्यांना दिसले, की शेजारचा मुलगा कॉस्टिक सोड्याचे द्रावण उकळतो आहे आणि परीक्षानळीचे तोंड नेमके प्राजक्ताकडे आहे. त्या पुढे झाल्या, त्याचा हात वळवला, आणि त्याच क्षणी नळीतले द्रावण उसळून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेले.

किंचाळलो आम्ही. मॅडमनी डोळे मिटले, टेबलाच्या कडेला हात लावला आणि सरळ चालू लागल्या. "पोट्टेहो, आधी बर्नर बंद करा!" असे चालताचालताच ओरडल्या. नळ फिरवला तर नुसती हवा सुटली. त्यांचा हात ड्रमच्या झाकणावर गेला. पापण्या स्वतःच्या बोटांनी फाकवून धरत त्या म्हणाल्या, "वैशाली, ओतत राय. थांबू नोको." मी ओतत राहिले. दवाखान्यात जाताना ऑटोतसुद्धा बाटलीने ओतत राहिले.

लगेच धुतले हे फार चांगले झाले, असे डॉक्टर म्हणाले. पण नजर राहील की नाही, ते पट्टी सुटल्यावरच कळणार होते. ते दिवस कसे काढले ते माझे मला माहीत. प्राजक्ता रोज यायची आणि कोपऱ्यात बसायची.

पट्टी सुटली. भिंतीवरची अक्षरे मॅडमनी खालच्या ओळीपर्यंत वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काहून रडून राहिली वो? तुया बोटाले पिवळा डाग दिसून राहिला मले. नायट्रिक ॲसिड हाताळताना हातमोजे कुठी होते?" इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नाहीत. मी आणि प्राजक्ता एकमेकींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडलो.

कामावर परतल्यावर मॅडम वर्गासमोर उभ्या राहिल्या. "पोरीले चष्मा देल्ला, थे बरोबर होतं. बिनचष्म्याची आत आली, थे चुकलं. नियम मी मोडला," असे त्यांनी सरळ सांगितले. तेव्हापासून दारामागच्या खिळ्यांवर जादा चष्मे टांगलेले असतात.

आता मॅडमची साठी होते आहे आणि त्या निवृत्तही होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांची नजर आमच्या बोटांवर अशीच खिळलेली राहो. नव्या वर्षी नवी मुले येतील, त्या दिवशी मॅडमनी पाहुण्या म्हणून यावे, डोळे मिटावेत आणि त्यांना नळापर्यंत जाऊन दाखवावे. वाटेत स्टूल नसेल. ड्रम मी सकाळीच भरून ठेवलेला असेल.