वाईट दिवसाचं इंग्रजी

रामटेके सर नव्या विद्यार्थ्याला नाव विचारत नसत. ओसरीवरच्या सतरंजीकडे बोट दाखवून त्यांचा पहिला प्रश्न असे, "आज हापिसात काय बिघडलं?" उत्तर आलं की म्हणत, "हेच इंग्रजीत सांग."

नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांच्या घरी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरे. सर दिवसा एका कचेरीत कारकून. आम्ही विद्यार्थी कोराडीच्या वीजकेंद्राकडच्या कचेऱ्यांतून बसने परतणारे, शर्टाच्या कॉलरवर तिथली राख घेऊन येणारे. ज्याचं बरं चाललंय तो माणूस मुका असतो, असं सरांचं मत होतं. "रागात असला का माणूस व्याकरणाले भेत नाही गा. त्याले फक्त सांगायचं असते." म्हणून आमचं इंग्रजी 'आय हॅड अ टेरिबल डे'पासून सुरू झालं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं. 'नथिंग वेंट राइट', 'द बॉस शाउटेड ॲट मी', 'आय ॲम फेड अप' ही वाक्यं सर कपाळाला हात लावून म्हणून दाखवत. ऐकणाऱ्यानं मान हलवत 'सॉरी टु हिअर दॅट' म्हणायचं. नुसतं तोंडानं म्हटलेलं त्यांना चालत नसे.

एकदा वर्गातला वानखेडे म्हणाला, "सर, आज काहीच वाईट झालं नाही."

सरांचा चेहरा पडला. "काहून? साहेब रजेवर होता काय? मंग बाजूवाल्याचा दिवस घे उसना."

वानखेडेनं माझा दिवस घेतला आणि माझ्यापेक्षा झोकात सांगितला. त्याचा राग मला अजून आहे. आतून काकू म्हणायच्या, "पोरं रडगाणं सांगून राहिले अन् तुम्ही शाब्बास म्हणून राहिले."

पुढे माझी नोकरी कायम करण्याची वेळ आली. मद्रासहून आलेले आमचे नवे साहेब मुलाखत घेणार होते आणि त्यांचा सगळा कारभार इंग्रजीत. नापास झालो तर गावी परत, वडिलांच्या पानठेल्यावर चुना लावत बसायचं. साहेबांनी गोड आवाजात विचारलं, काम कसं चाललंय? मी तोंड उघडलं आणि सरांची सगळी तालीम बाहेर पडली. दिवस भयंकर गेला, काहीच धड झालं नाही, बॉस माझ्यावर ओरडला, मी विटलो. बॉस म्हणजे समोर बसलेले हेच, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा वाक्य संपलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. पानठेला मला स्पष्ट दिसू लागला. पण साहेब म्हणाले, माझाही दिवस भयंकरच गेला. आणि ते सांगत सुटले. वरिष्ठांचा फोन, मुलांना न सोसणारं ऊन, न मिळणारी कॉफी. मी मान हलवत 'सॉरी टु हिअर दॅट' म्हणत राहिलो. इतकं मनापासून ऐकणारा माणूस त्यांना नागपुरात भेटला नसावा. माझी नोकरी कायम झाली.

पेढे घेऊन मी सरांकडे धावलो. ही बातमी त्यांना इंग्रजीतच द्यायची, असं बसमध्ये ठरवलं होतं. सरांना पाहिलं, तोंड उघडलं, आणि एक शब्द सुचेना. शेवटी मराठीतच सांगितलं. सरांचे डोळे भरून आले.

"सर, चांगल्या दिवसाचं काय म्हणतात इंग्रजीत? ते तुम्ही शिकवलंच नाही."

सरांनी पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. कचेरीत नोकरीला लागले तेव्हाच्याच कारकुनाच्या खुर्चीवर ते अजून बसत होते.

"मले नाही येत गा," ते म्हणाले. "हापिसात कधी कामच नाही पडलं त्याचं."