बाटलीतले नऊ खडे

तांदळाच्या गिरणीत त्यांना सगळे 'खडेसाहेब' म्हणत. एकतीस वर्षं काम एकच: पोत्यातून मूठभर नमुना काढायचा, पांढऱ्या ताटात पसरायचा आणि खडे शोधायचे. एक खडा निघाला की अख्खं पोतं परत चाळणीवर, मग माल मालकाच्या मेव्हण्याचा का असेना. अशा माणसाच्या पोटातच खडा निघाल्यावर गिरणीला आठवडाभर हसायला विषय मिळाला.

हसण्यासारखं मात्र काही नव्हतं. साहेबांचं एक मूत्रपिंड लहानपणीच सुकलेलं. सगळा कारभार दुसऱ्यावर, आणि खडा नेमका तिथेच. डॉक्टरांनी तो लेझरने फोडला आणि बजावलं, "तुकडे लघवीतून पडतील, गाळून बघत जा. पण महिन्याने स्कॅन कराच. एखादा आत राहिला आणि वाट अडली, तर तुमच्याकडे दुसरं मूत्रपिंड नाही."

न्हाणीघराच्या खिडकीत गाळणी, भिंग, चिमटा आणि वही मांडली गेली. गाळणी वाळायची, मग चहा संपवून साहेब तपासणीला बसायचे. आठ दिवस गाळणी कोरीच. नवव्या दिवशी त्यांनी भरलं ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. बायकोला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ निवडताना तिच्या बोटाला बारीकसा खडा लागला, आणि तिला दुर्बुद्धी सुचली. साहेबांचा चहा संपायच्या आत तो गाळणीत पडला होता.

"आला गं, आला!" साहेब ओरडले आणि त्या दुपारी दोनदा मागून जेवले.

मग काय, दोन-तीन दिवसांआड एक. औषधाच्या रिकाम्या बाटलीत नऊ जमले. आल्या-गेल्याला बाटली खुळखुळवून दाखवायची, हा साहेबांचा उद्योगच झाला.

महिना भरला. ती म्हणाली, "अहो, उद्या स्कॅनला जायचंय."

"कशाला? सगळे पडले की. तपासणी मला शिकवतेस?"

तिने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. सांगावं तर नवऱ्याचं हसू, न सांगावं तर त्याचा जीव. इकडे आड, तिकडे विहीर. साहेबांनी तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली, तेव्हा तिने बाटली त्यांच्यासमोर आदळली. "हे तुमचे नाहीत. तांदळातले आहेत. मी टाकलेत."

साहेब भिंग पुसत राहिले. "माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच खड्याला ओळखलं. जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

ती संतापली. चोरासारखी पावलं न वाजवता ती महिनाभर न्हाणीघरात जात होती, आणि हा माणूस नुसता मजा बघत होता! "मग गप्प का बसलात?"

"तू टाकत होतीस, तोवर जावं लागत नव्हतं," ते म्हणाले. "आत काय निघेल, याची भीती वाटते गं मला."

तिचा राग तिथेच विरला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. तुकडा होता. मूत्रपिंडाच्या तळाशी, सात मिलिमीटरचा.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले, "पण पुन्हा फोडावा लागेल."

साहेबांनी पडद्यावरचा तो पांढरा ठिपका बराच वेळ निरखला. मग बायकोकडे वळून ते गिरणीतल्याच आवाजात म्हणाले, "एक निघाला. पोतं परत."