आजोबांची खुर्ची: नांदेड, लातूर, किल्लारी, दोन दिवसांची संडास-पाहणी

सई अकरावीला लातूरला जाणार हे घरात ठरलं, तेव्हा तिच्या बाबांनी क्लासचे निकाल पाहिले, तिनं मैत्रीण कुठं राहणार ते पाहिलं आणि मी एकच अट घातली. हॉस्टेलचा संडास पाहिल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. सईनं कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, ही तिथंही सुरू होणार!"

होणारच. भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या मुलींबरोबर किल्लारीच्या बाजूला एका छावणीत गेले आणि पाचेक महिने तिथंच राहिले. घरं पडलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि हात धुवा, पाणी झाका, संडास वापरा, हे सांगत फिरणं माझं काम होतं. तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की मी आधी मोरी बघते. लग्न ठरतानाही बघितली होती. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, "हिनं आमचा पोरगा नंतर पाह्यला."

जूनमधल्या एका शनिवारी सकाळीच नांदेड सोडलं. लोह्याला स्टँडजवळ चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेतला. हॉटेल साधंच आहे, पण मागं बायकांसाठी आतून कडी लागणारी जागा आहे, म्हणून माझी शिफारस. पुढं माळाकोळीच्या आसपास रस्त्याचं काम चालू होतं. कंबर नाजूक असेल तर मागच्या सीटवर बसू नका. अहमदपूरनंतर टपावर गाद्या बांधलेल्या गाड्या दिसायला लागल्या. प्रत्येक गाडीत पुढं गंभीर बाप आणि मागं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं एक भावी डॉक्टर होतं.

लातूरच्या ट्यूशन एरियात पाऊल ठेवलं की दर दहा पावलांवर फ्लेक्सवरून गुणवंत आपल्याकडं बघून हसतात. पहिल्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये तीन कूलर आणि कांद्याचं पोतं होतं. दुसऱ्याचे मालक वैतागले. "मॅडम, लोक मेस बघतेत, इन्व्हर्टर बघतेत. पोरी इथं डॉक्टर व्हायला येतेत, बसायला न्हाई!"

तिसरं मात्र झकास निघालं. सईची मैत्रीण तिथंच राहणार होती. फरशी लख्ख, नळाला पाणी, कड्या मजबूत. बाथरूमच्या बोळाच्या तोंडाशीच मालकांचे वडील खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, मांडीवर पेपर, मोठे प्रेमळ आजोबा. मी आत जाताना ते म्हणाले, "या, या." बाहेर आल्यावर म्हणाले, "बरी वाटली का जागा?" मी खूश झाले. मुलींवर लक्ष ठेवायला घरचं माणूस बसलंय, आणखी काय हवं?

इतक्यात किनवटची एक मुलगी सईला हळूच म्हणाली, "हॉस्टेल मस्त आहे. फक्त सकाळी पाणी पिऊ नको. आम्ही कुणीच पित नाही."

"का गं?" मी मध्येच विचारलं. ती लाजली आणि सटकली.

छावणीत बायका हेच करायच्या. पाणीच प्यायच्या नाहीत आणि मग लघवीची जळजळ, ताप, कळा. मी जाहीर केलं, "इथं राहायचं नाही." सईला रडूच फुटलं. मालकांना रविवारी संध्याकाळपर्यंत होकार हवा होता, बाकीची बरी हॉस्टेलं भरलेली होती. "मग मला नांदेडलाच ठेव! संडासापायी माझं डॉक्टर होणं गेलं असं सांग सगळ्यांना!"

"निलंगा राइस खायचा का?" वाटेत गाडी थांबवून ह्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी ह्यांच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की ते एकटेच उतरून गेले. तरी तीन प्लेट घेऊन आले, आणि आम्ही तिन्ही संपवल्या.

रविवारी सकाळी औशावरून किल्लारीकडं निघालो. छावणीतली माझी मैत्रीण कालिंदा आता तिकडच्या एका पुनर्वसित गावात राहते. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना पेरणीची घाई होती. कालिंदानं धपाटे आणि दही पुढं ठेवलं. सई गाल फुगवून बसलेली पाहून तिनं कारण विचारलं. ऐकून ती हसत सुटली. "तुझी माय तवा बी अशीच व्हती. तक्ता टांगायची, भाषण ठोकायची. आमी माना हलवायचो अन् संडासात गवऱ्या रचायचो."

खरंच होतं ते. छावणीत कोऱ्या करकरीत संडासांची रांग होती आणि एकात कडबा, एकात शेळी. मला वाटायचं, बायांना समजत नाही. शेवटी कालिंदानंच मला समोरचा लिंब दाखवला. त्याच्या सावलीत सगळ्यांचे सासरे दिवसभर बसत. त्या भूकंपात तिची सासू गेली होती, जाऊ गेली होती, पण मामंजींच्या डोळ्यांदेखत टमरेल घेऊन जायचं? मेले तरी नाही.

"मग काय केलं मावशी?" सईनं विचारलं.

"नळ हलिवला. संडासाच्या मागं. कमरेवर घागर असली की कोन इचारतंय कुठं चालली म्हनून? दिवसभर आमी पाणीच भरायलोय! मामंजी म्हनायचे, सुना लई कामाच्या हायेत."

सई हसली आणि एकदम थांबली. "आई! ते आजोबा!"

मी स्वतः त्या आजोबांसमोरून दोनदा गेले होते आणि मला दिसलं नव्हतं.

कालिंदाला लातुरात चप्पल घ्यायचीच होती, ती गाडीत बसली. हॉस्टेलवर किनवटच्या मुलीनं आता सगळं सांगितलं. आजोबा मनाचे फार चांगले. जाताना विचारतात, "झाला का अभ्यास, बाळा?" दुसऱ्यांदा गेलं की काळजीनं विचारतात, "पोट बिघडलं का? ओवा देऊ?"

अशा माणसाला काय सांगायचं? मी आतल्या आत वाक्यं जुळवत होते, तोवर कालिंदा पदर सावरून त्यांच्यासमोर उभी राहिली. "मामा, तुमच्यासारखा खमक्या मानूस आत बसल्यावर गेटवर कोन? चोर काय संडासातून येतो का?"

आजोबांनी विचार केला. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले आणि स्वतःच खुर्ची उचलून गेटाकडं चालायला लागले.

मग सई मालकांकडं गेली. मी मध्ये बोलणार होते, कालिंदानं माझा हात दाबला. "काका," सई म्हणाली, "आता इथं जागा झालीय, तर पिण्याच्या पाण्याचे जार इकडं ठेवता का? पोरींना बाटल्या भरायला बरं पडेल." मालकांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं, पण हो म्हणाले. आम्ही पैसे भरले. हॉस्टेल बघायला जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच: संडास बघा, आणि त्याच्यासमोर कोण बसतं तेही बघा.

सईला सोडून आलो त्याला आता महिना झाला. घर रिकामं वाटतं. रोज तिला फोनवर 'पाणी पितेस ना?' असं विचारावंसं वाटतं आणि ती चिडेल म्हणून विचारत नाही. परवा मालकांचाच फोन आला.

"मॅडम, जरा तुमच्या पोरीला समजावा. लातुरात पाणी म्हंजे तूप हाय. तुम्ही गेल्यापासून पाण्याचे जार पुरंनात. सगळ्या पोरी दिवसभर नुसत्या पाणी पितेत!"

"पिऊ द्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला. डोळे भरून आले होते. ह्यांनी घाबरून विचारलं, काय झालं.

"काही नाही," मी म्हटलं, "पोरीचं बरं चाललंय."