बंद जिनचे इंजिन

पहिल्या महायुद्धाच्या तेजीत धुळ्यात ज्याच्या हाती पैसा आला त्याने जिन काढली. कापूस तेवढाच, सरकी काढणारे कारखाने दुप्पट. तेजी कायमची असते असे तेव्हा सगळ्यांनाच वाटत होते. एकतीस साली रुईचा भाव कोसळला तेव्हा मालकांना शहाणपण सुचले. त्यांनी करार केला : निम्म्या जिन चालवायच्या, निम्म्या बंद ठेवायच्या आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. जीवराम शेठची जिन बंद राहणाऱ्यांत आली. शेठने पेढे वाटले.

त्या जिनवर कौतिक इंजिनवाला होता. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, बसणाऱ्या चाळीस बाया घरी गेल्या. त्यात त्याची बायको भिकुबाईही होती. कौतिकला मात्र अर्ध्या पगारावर ठेवले. कारण करारात एक कलम होते : बंद जिनचे इंजिन चालू स्थितीत असेल तरच हिस्सा मिळेल. दरवर्षी दिवाळीनंतर तपासनीस येऊन ते एकदा चालवून बघणार.

"चालाले नई, बंद ठेवाले पगार!" भिकुबाई म्हणायची. "मन्हा बाप कधी बंद नांगरना पैसा लयना नई."

शेठ एकदा बोलून गेला होता, "हिस्सा गेला तर जिन चालवूनच खावं लागेल." कौतिकने ते पक्के लक्षात ठेवले. दुसऱ्या वर्षी त्याने बायकोला हळूच सांगितले, "औंदा इंजिन नापास व्हई. तू कामावर जावाले फडकं-भाकर तयार ठेव."

युक्ती सोपी होती. बॉयलरच्या बुडाशी गाळ सोडायचा कॉक असतो. तो थोडा उघडा राहिला की वाफेचा दाब चढत नाही, आणि गळती मागच्या चरात जाते म्हणून कुणाला दिसत नाही. कॉक बंद केला की इंजिन पुन्हा ठणठणीत.

तपासनीस आला. चहा पीत त्याने मंदीवरचा उपाय सांगितला : सगळ्यांनी खर्च कमी करायचा. सरकारनेही नोकरांचे पगार कापलेत, वर कर वाढवलेत.

"पगार नसला तर धोतर कोण घेईल, साहेब? आणि धोतर नाही तर कापूस कशाला?" कौतिकने विचारले.

"तू दाब बघ," तपासनीस म्हणाला.

दाबाचा काटा चाळिसावर अडकला होता. लाकडे जळत होती, काटा हलत नव्हता. शेठचा चेहरा उतरला. तपासनिसाने लेखणी काढली आणि मागे न बघताच म्हणाला, "शेठ, हे भंगार आहे. आणि इंजिनवालाही तसलाच. तेलपाणी केलेलं दिसत नाही."

कौतिक खाली बसला. धोतराचा सोगा सावरायला बसला असेल, असे शेठला वाटले. कौतिकचा हात कॉकवर गेला होता. भिकुबाईचे फडके, चाळीस बाया, सगळे त्याला आठवत होते. पण 'तसलाच' हा शब्दही कानात होता. हात फिरला आणि कॉक बंद झाला.

काटा पन्नासावर गेला, सत्तरावर गेला. चाक फिरले. पट्टा थरारला. इतके गोड चाललेले इंजिन तपासनिसाने त्या साली दुसरे पाहिले नव्हते. दाब पुरा झाल्याचा पुरावा म्हणून कौतिकने भोंग्याची साखळी ओढली, आणि त्या आवाजाने धुळ्याच्या पश्चिमेची, बायांची वस्ती दणाणली.

"उत्तम," तपासनीस म्हणाला. "असंच जपलं तर पाच वर्षं बंद ठेवता येईल."

शेठने पुन्हा पेढे मागवले.

फाटकावर एव्हाना बाया जमल्या होत्या. डोक्याला फडकी, कमरेला भाकरी. सगळ्यांच्या पुढे भिकुबाई. कामाचा भोंगा समजून सगळ्या धावत आल्या होत्या.

"जिन चालू जयी का हो?" तिने विचारले.

"नई," कौतिक म्हणाला. "परीक्षा व्हती."

"पास कोन जयं?"

कौतिकने काळे हात धोतराला पुसले. "इंजिन."

भिकुबाईने त्याच्याकडे बघितले, मग धुराड्याकडे. कमरेची भाकरी सोडून तिने त्याच्या हातावर ठेवली.

"मंग हाई भाकर बी इंजिनलेच द्या."