चार घरांचा कॉम्प्युटर

कुलपावर भरवसा ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, न ठेवणारीही असतील. पण कुलपावर तसूभर विश्वास नसताना एकाच कडीला दोन कुलपं लावणारी, आणि अर्ध्या वाटेवरून ती ओढून बघायला परत येणारी एकच बाई देवानं घडवली, आणि ती नेमकी माझी नणंद म्हणून घडवली. वन्सं मोखाड्याला खोली घेऊन राहायच्या आणि तिथून पुढे एका पाड्यावरच्या शाळेत मुख्याध्यापक होत्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. दर शनिवारी जव्हारला आमच्याकडे यायच्या. एकदा एसटी नाक्यापर्यंत आली आणि वन्संनी कंडक्टरला घंटी मारायला लावली, उतरल्या, खोलीवर गेल्या, कुलूप ओढलं आणि परत येऊन बसल्या. गाडी तोवर उभी. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून वाट बघितली, कारण तोही लहानपणी वन्संच्याच हाताखालून गेलेला, आणि बाईंना उलट बोलायचं नसतं हे त्याच्या अंगात मुरलेलं.

दुसरी सवय म्हणजे नवी वस्तू घरात आली की लगेच वापरायची नाही. नवा बैल आणला की आपण त्याला दुसऱ्या दिवशी जुंपतो का, असं त्या विचारायच्या. आधी त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळायचा, हातानं मीठ चारायचं, गोठ्याची सवय होऊ द्यायची. ह्या न्यायानं माझ्या मिस्टरांनी भाऊबीजेला दिलेला प्रेशर कुकर पुढच्या भाऊबीजेपर्यंत फळीवर बसून होता. रोज पुसला जायचा. शेवटी एकदाचा चुलीवर चढला, पहिली शिट्टी झाली आणि वन्सं अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आत या. तर म्हणाल्या, "त्याचं बोलणं होऊ दे आधी."

आता अशा बाईच्या शाळेत सरकारनं कॉम्प्युटर पाठवला. दोन हजार साल उलटून गेलेलं, पाड्यावर वीज होती पण ती पाहुण्यासारखी, येईल तेव्हा येणारी. खोकी घेऊन ठाण्याहून एक माणूस आला. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते, कारण वन्संनी मला आधीच निरोप दिला होता की कॉम्प्युटरला गोधडीसारखी झूल शिवायची आहे, माप घ्यायला या. त्या माणसानं सगळ्या वायरी भराभर जोडल्या, टीव्हीसारखी काच उजळली, त्यानं कसलासा निळा पडदा दाखवला, चार वाक्यं बोलला आणि पिशवी उचलली. वन्संनी दार अडवलं. सगळं पहिल्यापासून सोडायला लावलं, परत जोडायला लावलं, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला आणि तिच्या भोकाशी एकाच रंगाच्या लोकरीचा तुकडा बांधला. त्याची एसटी चुकली. तो बिचारा काशीबाईंनी, म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी, वाढलेली खिचडी खाऊन ओट्यावर बसून राहिला.

माणूस गेला आणि वन्संचं तोंड उतरलं. शाळेच्या खिडकीला गज होते, पण चौकट वाळवीनं पोखरलेली. पलीकडच्या तालुक्यात म्हणे कुठल्याशा शाळेतून अख्खा कॉम्प्युटर उचलून नेला होता चोरांनी. वन्सं दोन दिवस विचार करत होत्या आणि मग त्यांनी जे काढलं ते त्यांनाच सुचू जाणे. चोराला अख्खी वस्तू सापडली तर तो नेईल ना, मग अख्खी ठेवायचीच नाही. शाळा सुटली की काच पोलीस पाटलांच्या घरी. मोठी पेटी काशीबाईंच्या घरी. कीबोर्ड वन्संच्या पिशवीतून मोखाड्याला. आणि सगळ्या वायरी व तो उंदरासारखा माउस जान्याच्या घरी. जान्या म्हणजे चौथीतल्या सुनीचा बाप, घर शाळेला सगळ्यात जवळ, आणि माणूस असा की दुसऱ्याच्या शेतातली पडलेली काकडीसुद्धा उचलायचा नाही.

मग रोज सकाळी चार दिशांनी कॉम्प्युटर शाळेत यायचा. पाटलांचे दोघे मुलगे काच घेऊन, लग्नातली रुखवताची परात आणावी तसे. काशीबाई पेटी घेऊन बांधावरून. पाऊस असला की इरलं पेटीवर आणि बाई स्वतः चिंब. सुनी वायरी गळ्यात घालून. मी शिवलेल्या झुली आल्या तेव्हा तर काही विचारू नका, माउसला मी उरलेल्या तुकड्याची कुंची शिवली होती, ती सुनी त्याला घालायची आणि नाड्या बांधायची. गंमत अशी की ज्याच्या त्याच्या मनात, खरा कॉम्प्युटर आपल्याच घरी असतो. पाटलांची म्हातारी काचेला दसऱ्याला झेंडूची माळ घालून म्हणायची, दिसतं ते हिच्यात, बाकी सगळी हमाली. काशीबाई पेटी कणगीवर ठेवायच्या, कोंबड्यांना तिकडं फिरकू द्यायच्या नाहीत, आणि सांगायच्या की अक्कल पेटीत आहे, ठाण्याच्या माणसानं मला सांगितलंय. जान्या वायरींची पिशवी आढ्याला टांगायचा आणि खाली झोपायचा.

वन्संनीही कॉम्प्युटरला बैलासारखीच सवय होऊ दिली. पहिले काही दिवस नुसता चालू करायचा, मुलांनी समोर बसून बघायचं, बंद करायचा. मग एकेका मुलानं एकेक अक्षर. श्रावण संपेपर्यंत चौथीची मुलं आपलं नाव लिहायला लागली होती, आणि सुनी तर बापाचं, आईचं, शेळीचंही. वन्सं स्वतः कीबोर्डला फार हात लावत नसत. सुनी लिहायची आणि ह्या मागे उभ्या राहून दर अक्षराला मान हलवायच्या, आपणच लिहितोय अशा.

दिवाळी झाली आणि निरोप आला. तपासणीला साहेब येणार, ज्या शाळेत मशीन चालू दिसणार नाही तिथून ते उचलून तालुक्याच्या शाळेला देणार. वन्संनी मला बोलावून घेतलं, झुली धुऊन हव्यात म्हणून. पण खरं म्हणजे त्यांना सोबत हवी होती. आदल्या दिवशी त्यांनी ताटातला भात नुसता चिवडला. मी म्हटलं, सगळं तर जागच्या जागी आहे. म्हणाल्या, "वहिनी, जागच्या जागी आहे म्हणूनच भीती वाटते."

सोमवारी सकाळी काच आली. पेटी आली. कीबोर्ड पिशवीतून निघाला. वीज होती, हेच नवल. वायरी मात्र आल्या नाहीत. वन्संनी दारात उभं राहून दोनदा सुनीला हाक मारली. काशीबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जान्या त गेला ना बाय जगाया. पोरीला पन नेली. रविवारीच टेम्पो आलाता."

दिवाळीनंतर आमच्याकडचे पाडे असेच मजुरीसाठी रिकामे होतात, ह्यालाच जगायला जाणं म्हणतात. कुणी वसईकडे, कुणी भिवंडीच्या वीटभट्टीवर. मुकादमाचा टेम्पो उजाडताच येतो, भांडी-पोरं चढतात, निघतात. रविवारी शाळा बंद, वन्सं मोखाड्यात. आम्ही धावतच जान्याच्या घरी गेलो. कुडाच्या फटीतून दिसत होती पिशवी, आढ्याला टांगलेली, कुंचीच्या नाड्या बाहेर लोंबत असलेली. आणि दाराला कुलूप. पाड्यावर घराला कुलूप कोण लावतो? जगायला जाणारा माणूस दाराला दोरी बांधून जातो. पाटील म्हणाले, बाईंची वस्तू आहे म्हणून जान्यानं बाजारातून मुद्दाम कुलूप आणलं होतं, आणि किल्ली शेजारी देऊ नये असं बाईंनीच सगळ्यांना बजावलं होतं म्हणून ती करगोट्याला बांधून घेऊन गेला. एवढं बोलून पाटलांनी खाली वाकून दगड उचलला. कुलूप अगदी लहान होतं हो, एका घावात निघालं असतं.

वन्सं दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात जीप आली. साहेबांना शाळेत कुणी दिसेना म्हणून ते विचारत विचारत तिथंच आले. वन्संनी सगळं सांगितलं, काच कुणाकडे, पेटी कुणाकडे. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, मध्येच त्यांना हसूही आलं. पण शेवटी म्हणाले, "मग फोडा की ते. एका कुलपासाठी मशीन घालवता का, बाई?"

मला वाटलं आता वन्सं बाजूला होतील. मशीन गेलं तर पोरांचं काय होणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणाल्या, "साहेब, ह्या घराला आजवर दोरी होती. मला भरवसा वाटावा म्हणून त्यानं कुलूप आणलं. ते मीच फोडलं, तर तो आल्यावर मी त्याला काय सांगू?"

साहेब जीपकडे वळले. मग म्हणाले, पुढच्या सोमवारी गाडी पाठवतो, तोवर चालू झालं तर ठीक, नाही तर गाडी रिकामी परत जाणार नाही.

ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पाटलांनी मोखाड्याच्या बूथवरून मुकादमाला फोन लावला, कुलपाचं सगळं सांगितलं, तो म्हणाला जान्याला सांगतो, आणि पुढं काही नाही. वन्सं एसटी आली की फाट्यापर्यंत चालत जायच्या आणि एकट्याच परत यायच्या. सोमवारी गाडी आली, आणि जान्याच्या आधीच आली. दोन माणसं उतरून काच उचलायला लागली. काशीबाईंनी पेटीला मिठी घातली. पाटलांच्या म्हातारीनं चहाशिवाय जायचं नाही म्हणून त्यांना बसवलं, चहा उतू घालवला, परत ठेवला. तोही पिऊन झाला तेव्हा वन्सं म्हणाल्या, झुली वहिनींच्या आहेत, त्या सोडून घ्या. मी शिवताना भरपूर नाड्या लावलेल्या, आणि मी त्या जितक्या सावकाश सोडता येतील तितक्या सोडल्या. एक नाडी तर सोडता सोडता परत बांधली.

शेवटच्या झुलीवर हात असताना जान्या दिसला. फाट्यावरून चालत येत होता, खांद्यावर सुनी, विटांच्या मातीनं दोघं लालभडक. सरळ घराकडे गेला, कुलूप काढलं, पिशवी आणून वन्संच्या हातात दिली. वन्संना लोकरीचे रंग दिसेनात, डोळे भरून आलेले. सुनीनंच खाली बसून वायरी लावल्या. काच उजळली. तिनं आधी बापाचं नाव लिहिलं. गाडीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, साहेबांना सांगतो म्हणाले आणि रिकामे गेले.

जान्या मात्र जायला निघेना. ओट्याखाली उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग म्हणाला, "तुमी कुलूप तोडलां नाय, असां पाटलानं सांगलां. मंग आता हिला पन ठेवा, बाय. आमी शिमग्याला येतूं तवर."

आणि पोरीला तिथंच ठेवून तो फाट्याकडे निघून गेला.

त्या थंडीत वन्संच्या खोलीवर मी दोनदा गेले. कुकरच्या शिट्टीला पोरगी हसायची म्हणून वन्सं रोज कुकर लावायच्या. मला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारायच्या, वहिनी, उवा कशानं जातात, आणि रात्री आईची आठवण काढून रडली तर काय म्हणायचं असतं. एवढ्या वर्षांत शेकडो पोरं हाताखालून गेली, पण दिवे लागल्यावर पोर कसं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. शनिवारी जव्हारला येताना तिला खिडकीशी बसवायच्या आणि स्वतः बाहेरच्या बाजूला.

शिमग्याला जान्या आला आणि मुलीला घेऊन गेला. वन्संनी तिला नवं परकर-पोलकं घातलं, फाट्यापर्यंत पोचवलं. त्या संध्याकाळी त्या न कळवता आमच्याकडे आल्या. मी चहा ठेवला, तो समोर निवला. मग त्याच म्हणाल्या, "आज गाडीत मी कंडक्टरला म्हटलं, एक फुल, एक हाफ, जव्हार. तो माझ्या पलीकडं वाकून बघायला लागला, वहिनी. मग मीही बघितलं."